गाद्यांची खोली

मी माझ्या बायकोवर खोटा आळ घेतला. तोही नैवेद्याच्या ताटासमोर, यजमानांनी भरलेल्या खोलीत. आजारपणाबद्दल लिहायला बसलो आहे, पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं मलाच खरं वाटणार नाही.

आम्ही तुळजापूरचे पुजारी. यजमान म्हणजे आमच्याकडं येणारी भाविक कुटुंबं. लग्न झालं, बाळ झालं की कुळधर्माला येतात, आमच्याच घरी उतरतात, आणि नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याच चुलीवर होतो. खाली थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी राहतात. वर मी आणि माझी बायको मंगल. मुलगी ऋतुजा पुण्याला नोकरी करते.

तो मंगळवार

अक्कलकोटकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या आजीला सगळे आक्का म्हणतात. तिच्या नातवाचं नुकतंच लग्न झालं होतं, नव्या सुनेच्या हाताची मेंदी अजून उतरली नव्हती. मंगल पहाटेपासून पुरणात होती. तिच्या पुरणपोळीसाठी काही यजमान मुद्दाम ‘वरच्या वहिनींकडचा नैवेद्य’ म्हणून सांगतात.

देवघराची खोली लहान. समया, धूप आणि माझ्या पाठीशी दाटीवाटीनं उभी असलेली माणसं. संकल्पाला बसलो, गोत्र विचारलं, आणि हाताची बोटं एकदम बधिर झाली. छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं वाटलं. श्वास वरच्या वर राहायला लागला. आत्ता, इथं, या लोकांसमोर आपण मरणार, याबद्दल मला शंकाच उरली नाही. दार माणसांनी भरलेलं. मला फक्त बाहेर पडायचं होतं.

“थांबा,” मी म्हणालो. “हे पुढं नेता येणार नाही. घरात अडचण आलीय. नैवेद्याला शिवाशिव झालीय.”

तरुण वाचकांसाठी सांगतो. घरातल्या बाईला पाळी आली आणि तिचा हात नैवेद्याला लागला, असा याचा अर्थ होतो. आमच्याकडं हे वाक्य उच्चारलं की कुणी पुढं काही विचारत नाही. बायका पदर सावरतात, पुरुष दुसरीकडं बघतात. तसंच झालं. माणसं बाजूला सरली, वाट झाली, आणि मी नळापाशी जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलं. थोड्या वेळात सगळं थांबलं. मी जिवंत होतो.

मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोटांना पुरण लागलेलं. ती अठ्ठेचाळीस वर्षांची. तिची पाळी थांबून वर्ष उलटून गेलं होतं. मला हे माहीत होतं आणि तिला तर होतंच. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही बोलणार. ती बोलली नाही. हात धुतले आणि जिना चढून गाद्यांच्या खोलीत जाऊन बसली.

गाद्यांची खोली म्हणजे यजमानांच्या गाद्या, रजया आणि उशा ठेवायची, आमच्या मजल्याच्याही वरची खोली. ती तिथं चार दिवस राहिली. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून.

तिनं केलेला नैवेद्य गाईला घातला. दादानं वहिनीकडून दुसरा करून घेतला आणि कुळधर्म स्वतः पूर्ण केला.

यातलं सगळ्यात वाईट म्हणजे ते खोटं लागू पडलं. जे लागू पडतं ते माणूस पुन्हा वापरतो. पुढच्या दोन महिन्यांत गर्दीत उभं राहायचं टाळायला मी आणखी दोनदा तेच म्हणालो. मग एक दिवस दादा म्हणाला, “सुधाकर, इथून पुढं नैवेद्य खालीच होऊ दे. एवढं वय झालं तरी मंगलला अंदाज येईना. यजमान काय म्हणतील?”

मी म्हणालो, “बरं.”

त्या संध्याकाळी मंगलनं पुरणाचं मोठं पितळी पातेलं घासलं, पालथं घातलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. माझ्याशी ती नंतरही बोलत होती. चहा ठेवू का, पाणी तापलंय, ऋतुजाचा फोन येऊन गेला. तेवढंच.

हृदय उत्तम आहे

झटके वाढत गेले. बसस्थानकावर यायचे, दाढी करताना यायचे. एकदा नुसता पंचांग बघत बसलो होतो तरी आला. शेवटी ऋतुजा आली आणि मला सोलापूरला घेऊन गेली. छातीला तारा लावल्या, पट्ट्यावर पळवलं, काळा-पांढरा पडदा दाखवला.

डॉक्टर म्हणाले, “तुमचं हृदय उत्तम आहे.”

मी खट्टू झालो. हे लिहायला लाज वाटते, पण झालो. ऋतुजा म्हणाली, “बाबा, तुम्हाला चक्क वाईट वाटलं?” वाटलं होतं. हृदय बिघडलं असतं तर माझ्या खोट्याला एक कारण मिळालं असतं.

याला पॅनिक अटॅक म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाघ समोर आल्यावर शरीर जे करतं तेच ते करतं, फक्त वाघ नसतो. काहींना गोळ्या लागतात; तुम्ही आधी बोलून उपचार करून बघा, असं म्हणाले. मी विचारलं, “बोलून काय होणार?” ते हसले. “ते तुम्हीच मला येऊन सांगा.”

गावात मनाच्या डॉक्टरकडं जाणं मला शक्य नव्हतं. म्हणजे तेव्हा तसं वाटत होतं. रस्त्यात भेटणारा प्रत्येक तिसरा माणूस मला ओळखतो. ऋतुजानं ऑनलाइन थेरपीची चौकशी केली. दर बुधवारी, मोबाइलवर. मंगळवार देवीचा वार, तेव्हा मला सवड नसते.

बुधवारची पूजा

पहिला प्रश्न बसायचं कुठं हा होता. आमच्या घरात भिंतींना कान आहेत आणि त्यातले बरेचसे वहिनींचे. गच्चीवर वारा, खाली यजमान. फिरत फिरत गाद्यांच्या खोलीत आलो, दार लावलं, आणि चकित झालो. गाद्या आवाज पिऊन टाकतात. आत ओरडलं तरी जिन्यात ऐकू जात नाही. उशांच्या ढिगाला मोबाइल टेकवला आणि गादीवर मांडी घालून बसलो. मंगल याच खोलीत चार दिवस बसली होती, हे मला पहिल्या दिवशी आठवलंसुद्धा नाही.

पडद्यावर सायलीताई आल्या. ऋतुजापेक्षा थोड्याच मोठ्या. मागं एक कुंडी, आणि मधूनच एका मांजराची शेपटी इकडून तिकडं जायची.

मी म्हणालो, “ताई, काय करायचं ते सांगा. उपवास, पथ्य, जप, सगळं करायची तयारी आहे.”

“मी सांगणार कमी, काका. आपण दोघं बघणार जास्त. झटका आला की सगळ्यात आधी काय होतं?”

“छातीत धडधड.”

“त्याच्या आधी?”

त्याच्या आधी काय होतं ते मला माहीत नव्हतं. बोलण्याच्या ढंगावरून यजमान कोणत्या तालुक्यातला ते मी सांगू शकतो, पण माझी भीती माझ्या आत कुठून शिरते याचा मला पत्ता नव्हता. त्या आठवड्यात मी लक्ष ठेवलं, आणि सापडलं. सगळ्यात आधी माझी नजर दाराकडं जाते. दार मोकळं आहे का, मध्ये किती माणसं आहेत. मग श्वास चढतो, मग बोटं, मग छाती. पुढच्या बुधवारी मी हे इतक्या उत्साहानं सांगितलं की ताई म्हणाल्या, “काका, तुम्ही आज आजारी माणसासारखे दिसत नाही.”

खरंच, कित्येक महिन्यांनी मला भीतीशिवाय आणखी काहीतरी वाटलं होतं. उत्सुकता.

दादानं विचारलंच. “दर बुधवारी वर काय करूलालास रे?”

“ऑनलाइन पूजा.”

“कुणाची?”

“पुण्याच्या यजमानाची.”

“एवढा वेळ? पूजा हाय का गप्पा?”

हेही खोटंच होतं. सवय जात नाही पटकन.

गच्चीवरचे प्रयोग

ताईंनी शिकवलेल्या गोष्टी लिहायच्या तर सोप्या आहेत. श्वास सोडताना लांबवायचा. भीतीला ढकलायचं नाही, येऊ द्यायची. डोक्यात जे वाक्य येतं ते ‘सत्य’ म्हणून न घेता ‘वाक्य’ म्हणून ऐकायचं. आणि प्रयोग करायचे. मला आवडले ते प्रयोग.

“गरगरलं की तुम्ही पडणार, असं वाटतं ना? मग मुद्दाम गरगरून बघू या. काय होईल ते आधी बोलून ठेवायचं, आणि मग बघायचं.”

मी गच्चीवर गेलो, मोबाइलमध्ये माझाच आवाज भरला, “मी आता गिरक्या घेणार, आणि बेशुद्ध होऊन पडणार,” आणि हात पसरून गोल फिरायला लागलो. बावन्न वर्षांचा पुजारी, धोतर फुगलेलं, उपरणं सुटलेलं. थांबलो तेव्हा शेजारची पाण्याची टाकी दोनदा माझ्याभोवती फिरून गेली. पडलो मात्र नाही.

जिन्याच्या दारात मंगल कपड्यांची बादली घेऊन उभी होती.

“अहो, काय चाललंय?”

“प्रयोग.”

“कशाचा?”

“पडतो का ते बघायलोय.”

तिनं बादली खाली ठेवली. “मग पडा की. मी धुणं वाळत घालते तोवर.”

आणि ती हसली. लगेच तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते ते मला दिसलं. आजारपणात माणूस फार थोड्यावर खूश होतो. ते हसू मी पुढं कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं.

मग मी भराभर श्वास घेऊन बोटांना मुंग्या आणल्या. जिन्यावर धावत वर-खाली करून धडधड आणली. ज्या गोष्टींनी मला महिनोन्‌महिने घाबरवलं होतं त्या मला हव्या तेव्हा आणता येत होत्या आणि त्या आपोआप जात होत्या. आरतीचा नगारा कितीही जोरात वाजला तरी वाजवणाऱ्याचा हात दमतोच, तसं. आमच्याकडं आरतीला बायकांच्या अंगात येतं, तेव्हाही श्वास असाच चढताना मी पाहिलेला आहे. मी ताईंना विचारलं, “हे आणि ते एकच का?” त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही, काका.” त्या उत्तरानं माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

सगळं सरळ झालं असं नाही. मधे पंधरवडाभर पुन्हा झटके आले आणि मी सगळं सोडून द्यायला निघालो होतो. एकदा मी हुंदके देत होतो आणि नेटवर्क गेलं. बराच वेळ तोंड अर्धवट उघडलेल्या, स्थिर झालेल्या ताईंसमोर मी रडत होतो. शेवटी मलाच हसू आलं. तोही उपचारच म्हणायचा.

आणखी काय करता?

एका बुधवारी ताईंनी वेगळाच प्रश्न विचारला. “लोकांच्या लक्षात येऊ नये, म्हणून तुम्ही काय काय करता?”

मी सांगत गेलो. दाराजवळ बसतो. उपरण्याखाली दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी बघतो. खिशात हृदयविकाराची, जिभेखाली ठेवायची गोळी बाळगतो, मित्राकडून मागून घेतलेली.

“ती आजच परत करा. डॉक्टरांनी दिलेली नाही ना? आणखी?”

“गर्दीच्या दिवशी दादाला पुढं करतो.”

“आणखी?”

 समोर मांजराची शेपटी गेली आणि परत आली. माझी नजर दाराकडं गेली, ती मला कळली. दार बंद होतं, बाहेर कुणीही नव्हतं. इथून पळायचं असतं तर मला कुणी अडवलं नसतं.

“आणखी, मी बायकोचं नाव पुढं करतो,” मी म्हणालो, आणि मंगळवारची सगळी हकीगत सांगितली.

सांगता सांगता मी बसलो होतो त्या गादीकडं पाहिलं. मंगल इथंच बसली होती. कदाचित याच उशीला टेकून.

ताईंनी माझं सांत्वन केलं नाही आणि मला वाईटही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “इतकी कारणं होती. पोट दुखतंय म्हणता आलं असतं. हेच का निवडलंत?”

त्याचा विचार मी आठवडाभर केला. पुजाऱ्याचं पोट दुखलं की यजमान चौकशी करतात, ओवा आणून देतात, मागून येतात. बाईचं नाव घेतलं की कुणी काही विचारत नाही. मला प्रश्न नको होते. म्हणून मी असं खोटं निवडलं ज्याच्याबद्दल तोंड उघडायची सोय खुद्द जिच्यावर आळ घेतला तिलाही नव्हती.

माफीची हकीगत

त्याच आठवड्यात मंगल भाजी निवडत होती तेव्हा मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, “त्या दिवशी माझं चुकलं. मला काही सुचतच नव्हतं. श्वास कोंडला होता, बोटं बधिर झाली होती, तुला कल्पना नाही काय होतं ते, डॉक्टरही म्हणाले की...” बराच वेळ बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हं. भात टाकू का खिचडी?”

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, ही माफी होती का आजाराची हकीगत?”

मला राग आला. फोन लवकर ठेवला. मग जिना उतरताना वाटलं, बरोबर आहे. सगळं माझ्याच छातीबद्दल बोललो होतो.

ताईंनी दिलेला पुढचा अभ्यास अवघड होता. मंगलला एकच प्रश्न विचारायचा, आणि ती बोलेल तोवर स्वतःची बाजू मांडायची नाही. तोंडात आली तरी गिळायची. भीती येऊ देतो तशीच.

दुपारी यजमान निघून गेल्यावर ती गाद्यांना खोळी घालत होती. मी दुसरं टोक धरलं आणि विचारलं, “त्या चार दिवसांत तू इथं काय करत होतीस?”

ती थांबली. “आज काय हे?”

“मला माहीत करून घ्यायचंय.”

“पहिल्या दिवशी रडले,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी दुपारी झोपले. इतक्या वर्षांत कधी दुपारी झोपले नव्हते. बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.” तिनं खोळीचं टोक झटकलं. “आणि तिसऱ्या दिवशी खालच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, तुझी तर बंद झाली होती की गं? मी म्हणाले, परत आली.”

माझ्या तोंडाशी आलं होतं, ‘तू खरं का सांगितलं नाहीस?’ गिळलं.

“त्या घाबरल्या. त्यांच्या बहिणीला असंच परत सुरू झालेलं, आणि गाठ निघाली होती. दोन-तीनदा तुम्ही तसंच म्हणालात तेव्हा त्यांनी मला सोलापूरला नेलं. तुम्हाला सांगितलं, साड्या घ्यायला चाललो. सोनोग्राफी केली. आणखी एक तपासणी केली, ती दुखते. डॉक्टरीणबाई विचारायच्या, किती जातं, कधीपासून जातं. मी काय सांगू? काहीतरी सांगत बसले.”

मी खोळ हातात धरून उभा होतो. छाती धडधडत होती, पण मला प्रथमच त्या धडधडीशी काही देणंघेणं नव्हतं.

“मला एवढंच कळत नाही,” मंगल म्हणाली. “तुम्ही मला आत येऊन नुसतं म्हणाला असता, मंगल, मला भ्यायला होतंय. मी बघितलं नसतं का काहीतरी? कढई पालथी केली असती. सगळे तिकडं धावले असते.”

तिनं खरंच तसं केलं असतं.

“माझं चुकलं,” मी म्हणालो, आणि पुढं काही जोडलं नाही.

“इथं नको,” ती म्हणाली. “इथं मला माहीतच आहे. जिथं बोललात तिथं बोला.”

जावळ

ज्यांच्यासमोर बोललो ते लोक पुन्हा यायला फार वेळ गेला नाही. त्या नव्या सुनेला बाळ झालं आणि आक्काचा फोन आला, जावळ काढायला येतोय. दादानं त्यांना आधीच सांगून टाकलं की नैवेद्य खाली होईल. आक्कापण म्हणाली, “व्हय, खालीच करा बाबा. मागच्यावानी नगं.”

मी ताईंना विचारलं, “झटका आला तर?”

“येईल बहुतेक,” त्या म्हणाल्या. “आला तर काय होईल, ते आधी बोलून ठेवा.”

मी मोबाइलमध्ये माझा आवाज भरला, “मी बोलायला लागेन, श्वास चढेल, सगळे बघतील.” ऐकून पाहिलं. भयंकर असं त्यात काहीच नव्हतं.

तीच खोली, त्याच समया. बाळ आईच्या मांडीवर, डोकं नुकतंच भादरलेलं, हळदकुंकू लावलेलं. खालून वहिनी नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. मंगल मागं, दाराबाहेर उभी होती. अलीकडं ती कुळधर्माच्या खोलीत येत नसे.

मी या वेळी दारापासून लांब, भिंतीकडं बसलो होतो. संकल्प सुरू करायच्या आधीच म्हणालो, “आक्का, एक सांगायचंय. मागच्या वेळी घरात काही अडचण नव्हती. मी खोटं बोललो.”

दादा म्हणाला, “सुध्या, हे आत्ता कशाला?”

“आत्ताच, दादा.” श्वास चढायला लागला होता. बोटांना मुंग्या आल्या. ‘या,’ म्हटलं. “मला घाबरायचा आजार आहे. त्याचे झटके येतात. त्या दिवशी आला, आता पण येतोय. मला खोलीबाहेर पळायचं होतं, म्हणून मी मंगलचं नाव घेतलं. नैवेद्य चोख होता.”

 मग आक्का म्हणाली, “आन्‌ त्या पोळ्या?”

“गाईला घातल्या.”

“आरं तुझ्या! तवा आमी घरनं निघाल्यापसनं त्या पोळ्यांचंच बोलत आल्तो.”

एक-दोघं हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ताट पाटावर ठेवलं आणि माझ्याकडं वळल्या. “म्हंजे मी उगाच हिला सोलापूरला नेऊन सुया टोचवल्या? भावजी, रात्र-रात्र झोपले नव्हते मी!” त्यांचा आवाज चिरकला. मंगलनं पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरलं.

तेवढ्यात सून बोलली. इतकं हळू की आधी मला वाटलं ती बाळाशीच बोलतेय.

“म्हंजे ते माझ्या पायगुणानं न्हवतं झालं?”

आक्कानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सुनेच्या सासऱ्यानं मान वळवली. त्यांच्या घरात त्या मंगळवारनंतर काय काय बोललं गेलं असेल ते मला त्या दोन माना बघून कळलं. माझं खोटं अक्कलकोटपर्यंत जाऊन एका नव्या मुलीच्या माथी बसलं होतं, आणि मला त्याची खबरही नव्हती.

धडधड जोरात होती. दार मोकळं आहे की नाही ते मी पाहिलं नाही. उठलो, आणि आधी त्या मुलीसमोर हात जोडले.

“पोरी, तुझा यात कणभरही संबंध नव्हता. जे झालं ते माझ्यामुळं झालं. मला माफ कर.”

मग मंगलकडं वळलो. आमच्या घरात चार लोकांत बायकोला नावानं हाक मारायची रीत नाही.

“मंगल,” मी म्हणालो, “मला भीती वाटली आणि मी तुझ्यावर आळ घेतला. एकदा नाही, तीनदा. तू गाद्यांच्या खोलीत बसलीस, तपासण्या सोसल्यास, चूल सोडलीस, आणि मी ‘बरं’ म्हणालो. मला माफ कर.”